ओल्या फडक्याचा गुण

आमच्या गाडीच्या डिकीत गेली वीसेक वर्षे जुन्या धोतराचे एक फडके आणि पाच लिटर पाण्याचा कॅन असतो. उन्हाळ्यात गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचे, फडके भिजवायचे, पेट्रोलच्या पंपाला गुंडाळायचे आणि झाडाखाली बसायचे. थोड्या वेळाने सेल्फ मारला की गाडी सुरू. नातवंडांना तर गाडीला ताप आला की आजोबा पट्ट्या ठेवतात, असेच वाटत आले आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८७ सालची. मी ती १९९३ मध्ये बँकेच्या कर्जावर जुनी म्हणून घेतली. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, तोवर आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. म्हणजे गाडी आमच्या जिल्ह्याहून बारा वर्षांनी मोठी. वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी होत असे. आधी ती फियाट म्हणून आली, १९७४ च्या सुमारास तिची पद्मिनी झाली, तरी लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपून बाहेर पडली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. आमच्या सौभाग्यवतींनी ते कात्रण माझ्या टेबलावर ठेवले. काही बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या २०२५ च्या एप्रिलमध्ये. त्यांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नांदेडला झाले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून आम्ही परत निघालो. अर्धापूर मागे पडले आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुपारचा दीड. रस्त्यावर झाड नाही. कॅनमधले पाणी आदल्या दिवशीच संपलेले. मी फडके घेऊन एका शेतातल्या मोटारीच्या हौदापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, तोवर त्या तापलेल्या गाडीत एक हात डोळ्यावर धरून बसून होत्या. डोळ्याला घाम लागू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावून सांगितले होते. फडके गुंडाळले, गाडी सुरू झाली, आणि आखाडा बाळापूर ओलांडल्यावर पुन्हा बंद पडली.

घरी पोचल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "मी या गाडीत पुन्हा बसणार नाही." मुलाचा पुण्याहून फोन आला. त्याने भंगारात गाडी देण्याची पद्धत, कागदपत्रे, सगळे मला समजावून सांगितले. मी दसऱ्यापर्यंत मुदत मागितली.

अधूनमधून येणारा बिघाड हा फार वाईट प्रकार आहे. टायर फुटला तर फुटला, सगळ्यांना दिसतो. क्लच गेला तर गेला. पण हा बिघाड मिस्त्रीच्या दारात गेला की शहाण्या मुलासारखा वागतो. गॅरेजमध्ये गाडी अर्धा तास चालू ठेवली तरी कुरकुर नाही. "काही नाही साहेब, घेऊन जा" म्हणतात, आणि आपण घेऊन जातो. त्याहून वाईट म्हणजे यात प्रत्येक इलाजाला गुण येतो. मी पेट्रोलचा पंप बदलला, गाडी आठ दिवस चालली. कार्बोरेटर साफ केला, बारा दिवस चालली. टाकी उतरवून धुतली, रबरी नळ्या बदलल्या, तेव्हा मधे अवकाळी पाऊस पडून गारवा आला होता, तर दोन आठवडे छान गेले. प्रत्येक वेळी मी घरी विजयाने जाहीर करायचो. पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही, कारण ही पुरवणी घरीही वाचली जाते.

चहाच्या टपरीवर तर निदान केव्हाच झाले होते: इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचले. जुन्या गाड्यांच्या रबरी भागांना ते मानवत नाही हे खरे आहे. मी नळ्या बदलल्या त्या काही वाया गेल्या असे म्हणणार नाही. पण एकदा असे सर्वमान्य कारण मिळाले की पुढे कोणी बघत नाही.

नव्या गाड्यांच्या एका मोठ्या गॅरेजमध्येही जाऊन आलो. तिथला तरुण मुलगा नम्र होता. हातात स्कॅनर घेऊन तो डॅशबोर्डच्या खाली वाकला, चाचपले, आणि "काका, हिला पोर्टच नाही हो" म्हणाला. नव्या गाडीतला संगणक बिघाड झाल्या क्षणी इंजिनाचा वेग किती होता, ते किती तापले होते, याची नोंद करून ठेवतो. मिस्त्री सावकाश ती नोंद वाचतो. म्हणजे गाडीच स्वतःची रोजकीर्द लिहिते. आमच्या पद्मिनीला लिहिता येत नाही.

शेवटी चाचांकडे गेलो. सगळे गाव त्यांना चाचाच म्हणते. सत्तरी उलटलेली, हात थरथरतात, त्यामुळे पाना नातू धरतो आणि ते खुर्चीवरून सांगतात. मला वाटले होते, ते बॉनेट उघडतील. त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि चौकशी सुरू केली. डॉक्टरांनी सुद्धा माझी कधी इतकी चौकशी केली नाही.

"साहेब, गाडी कशी बंद पडती? आचके देत देत, का टपकन?"

मी विचारात पडलो. इतकी वर्षे गाडी बंद पडते आहे आणि ती कशी बंद पडते हे मला सांगता येईना.

"पेट्रोल कमी पडलं ना, तर गाडी कुंथती. एक आचका, दोन आचके, मग ओढ जाती, मग मरती. करंट गेला तर दिवा मालवल्यावानी मरती. बगा जरा या बारीला."

मग पुढचे प्रश्न. चढावर पडते का सपाटीवर? टाकी भरलेली असताना पडते का? सुरू केल्यापासून किती वेळाने? काटा कुठे असतो? परत सुरू व्हायला किती वेळ लागतो? आणि मधल्या वेळात तुम्ही काय करता?

"फडके लावतो," मी म्हणालो.

"दर बारीला?"

"दर वेळी. त्यानेच तर सुरू होते."

चाचा हसले नाहीत. "वही घाला," म्हणाले. "तुम्ही बँकेतले. वही घाला, आनि एक बारी फडकं लावू नका. नुसतं घड्याळ बगा."

शेवटी त्यांनी आणखी एक विचारले होते, ते तेव्हा मी उडवून लावले: हा आजार सुरू व्हायच्या आधी गाडीत काय काम केले होते? मी ठामपणे सांगितले, काहीच नाही.

वही घालणे मला जमते. दोनशे पानी वहीत रकाने आखले. तारीख, किलोमीटर, निघाल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, पेट्रोल, तापमानाचा काटा, काय केले, परत सुरू झाल्याची वेळ. मे महिन्यात मी रोज सकाळी अकरानंतर, म्हणजे शहाणी माणसे घरात असतात तेव्हा, गाडी घेऊन निघत असे. कधी कळमनुरीकडे, कधी नर्सीकडे, कधी सेनगावच्या रस्त्याला. संत नामदेवांच्या नर्सीला त्या महिन्यात माझ्या जितक्या वाऱ्या झाल्या तितक्या एरवी वर्षात होत नाहीत. मात्र त्यातल्या निम्म्या वाटेतच संपल्या. कयाधूच्या पुलाजवळ एक रसवंतीवाला आहे, त्याने मला दुसऱ्या आठवड्यापासून पैसे विचारणे बंद केले.

पहिली गोष्ट कळली ती अशी की गाडी आचके देत नव्हती. टपकन मरत होती, चाचा म्हणाले तशी, दिवा मालवल्यासारखी. हे इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोर होत होते. दुसरी गोष्ट: टाकी भरलेली असो की रिकामी, फरक नाही. तिसरी: निघाल्यापासून तीस ते पस्तीस मिनिटे, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावरच.

आणि मग शेवटचे दोन रकाने. फडके लावून सुरू व्हायला लागलेली मिनिटे: २३, २६, २२, २५. एका दुपारी सेनगावच्या रस्त्यावर मी चाचांचे ऐकले. फडके डिकीतच ठेवले, बॉनेट नुसते उघडले आणि घड्याळ बघत बसलो. हात शिवशिवत होते. एक मोटारसायकलवाला थांबून "काका, पंपावर ओलं फडकं टाका" असे सांगूनही गेला. चोविसाव्या मिनिटाला सेल्फ मारला. गाडी सुरू झाली.

पुढच्या दोन वेळाही तेच. २४ आणि २३. फडक्याचा काही संबंधच नव्हता. पाणी शोधायला, भिजवायला, गुंडाळायला, बसायला जो वेळ जात होता, त्या वेळात कुठलातरी भाग आपोआप निवत होता. गुण त्या वेळाचा होता, आणि वीस वर्षे श्रेय फडके घेत होते. फडक्यावर अन्याय नको म्हणून सांगतो, सुरुवातीला कधीतरी ते खरेही असेल. या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. मराठवाड्याच्या उन्हात आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पातळ पेट्रोल ढकलण्यासाठी केलेल्या पंपाला ती ढकलता येत नाही. तेव्हा ओले फडके हा खराच उपाय. पण एकदा लागू पडलेले औषध आपण पुढे कुठल्याही दुखण्याला देत राहतो.

त्या रात्री वही पुढे घेऊन बसलो आणि मला झोप आली नाही. कारण दुसरी एक वही आठवली.

१९९४ साली मी वसमत भागातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. हळदीच्या हंगामात रोख फार यायची. तेव्हा नोटांच्या पुडक्यांना पिना मारलेल्या असत. शंभर नोटांचे पुडके एका बाजूने अंगठ्याने सरसर मोजायचे, ही रीत. त्या एप्रिलपासून कॅश कमी भरायला लागली. कधी शंभर, कधी दोनशे. रोज नाही, आठवड्यातून एखाद-दोन वेळा. कॅशियर तरुण होते, नुकतेच लग्न झालेले. तूट कॅशियरने खिशातून भरायची असा दंडक होता, ते मुकाट्याने भरत. जूनमध्ये मी त्यांना दुसऱ्या शाखेत डेप्युटेशनवर पाठवले. तूट थांबली. एकदम थांबली. जुलैत मी वरिष्ठ कार्यालयाला एक गोपनीय पत्र लिहिले. त्यात आरोप नव्हता, आम्ही आरोप कधी लिहीत नसू. 'सदर कर्मचारी शाखेतून गेल्यापासून तफावत आढळलेली नाही' एवढे एकच वाक्य होते. त्या वाक्याने जे करायचे ते केले. त्यांची बदली कायम झाली आणि त्यांची बढती मागे पडली.

जूनमध्ये हळदीचा हंगामही संपतो, हे मला कोणी सांगायला नको होते. मी त्याच शाखेत बसून कर्जे वाटत होतो.

पुढच्या एप्रिलमध्ये कॅश पुन्हा शंभराने कमी भरली. खिडकीवर दुसरे कॅशियर होते, पन्नाशीचे, देवमाणूस. मग मात्र मी एकेका पुडक्याच्या पिना काढायला लावल्या. एका पुडक्यात मधोमध एक नोट दुमडून घातलेली सापडली. दुमडलेली नोट अंगठ्याखाली दोनदा मोजली जाते. नव्व्याण्णव नोटांचे शंभर होतात. बाजारातून आलेल्या रोखीत असे कोण करत होते ते कधी कळले नाही. पुढे २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुडक्यांना पिना मारणे बंद करायला लावले, आणि ती वाटच बुजली.

मी दुसरे पत्र लिहिले. जूनमध्ये, म्हणजे अकरा महिन्यांनी. 'पूर्वी नोंदविलेल्या निरीक्षणाचा फेरविचार व्हावा' असे काहीतरी. उत्तर आले नाही. मीही पाठपुरावा केला नाही. आणि त्या कॅशियरना ना पहिल्या पत्राबद्दल सांगितले, ना दुसऱ्या. यावर कधी कथाही लिहिली नाही, इतके सगळे लिहिले तरी.

चाचांनी वही उलटीसुलटी वाचली आणि म्हणाले, "आता बिमारीला बोलवायचं." दुसऱ्या दिवशी नातू आणि मी बाराच्या उन्हात औंढ्याच्या रस्त्याला लागलो. चाचा मागे बसले होते, मांडीवर एक डबा घेऊन. चौतिसाव्या मिनिटाला गाडी मेली. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

आधी पेट्रोल. नातवाने कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरली, सेल्फ मारला. पेट्रोल पिचकारीसारखे आले. म्हणजे पंप, टाकी, नळ्या, इथेनॉल, सगळे निर्दोष सुटले. नळी परत बसवून, बाटली लांब नेऊन ठेवल्यावरच चाचांनी करंट बघायला सांगितले. तापल्या इंजिनावर हे दोन्ही एकदम करणारा मिस्त्री एकदाच करतो, म्हणाले. कॉइलची जाड वायर इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली. निळी-पांढरी ठिणगी कडकन पडायला हवी. पडली ती पिवळी, मरतुकडी, आणि एका वेळेला पडलीच नाही.

आता संशयित तीन उरले: कॉइल, कंडेन्सर, आणि डेल्कोच्या आतली ती बारीक वायर, जी वरून धडधाकट दिसते आणि आत तुटलेली असते. मिस्त्री लोक डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. त्यात दोन छोटे पॉइंट सतत उघडझाप करतात. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या धक्क्याने बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगपर्यंत जातात. पण प्रवाह सहजासहजी तुटायला तयार नसतो, उघडत्या पॉइंटवरून उडी मारू पाहतो. ती उडी झेलायला अंगठ्याएवढी एक पत्र्याची डबी असते, तो कंडेन्सर. आत धातूचा पातळ वर्ख आणि कागद गुंडाळलेला. म्हातारपणी तापला की आतला जोड सुटतो, निवला की पुन्हा धरतो.

चाचांनी डब्यातून दुसरा कंडेन्सर काढला. मुंबईत टॅक्सी बंद झाल्या तेव्हा कुणाकडून तरी मूठभर आणून ठेवले होते. नातवाने जुन्याची वायर सोडवली, नवा तारेने बाहेरच बांधला. गाडी मरून जेमतेम सहा मिनिटे झाली होती, इंजिनाला हात लावता येत नव्हता. सेल्फ मारला. एका दमात सुरू.

मी टाळी वाजवली. चाचा म्हणाले, "थांबा. परत जुना लावा."

गाडी बंद केली, नवा काढला, जुना जोडला. सेल्फ फिरत राहिला, गाडी सुरू होईना. पुन्हा नवा. सुरू. पुन्हा जुना. नाही. असे तीनदा. "आता झालं," म्हणून चाचांनी खिशातून पान काढले. मी एवढी वर्षे इन्स्पेक्शन केली, पण सुधारलेली गोष्ट मुद्दाम बिघडवून बघावी हे मला कधी सुचले नव्हते. सुचले असते तर हंगामाच्या मधेच त्या कॅशियरना आठ दिवस खिडकीवर परत बसवून मी ताळा पाहिला असता.

जुना कंडेन्सर हातात घेऊन चाचांनी निरखला. "हा कोनी बसवला?" मग मला आठवले. दोन वर्षांपूर्वी पॉइंट बदलले तेव्हा मीच घरातून नेऊन दिला होता. पंधरा वर्षे कपाटात पडून होता, नवीन कशाला विकत घ्या म्हणून. 'आधी काय काम केले' या प्रश्नाला मी 'काहीच नाही' म्हणालो होतो. फडके जुने होते, पण हा बिघाड दोनच वर्षांचा होता. फडक्याच्या सवयीने मी दोन्ही एकच धरून चाललो होतो. चाचांनी मजुरीचे तीनशे घेतले, कंडेन्सरचे वेगळे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, अजून पाऊस नव्हता, मी सौभाग्यवतींना म्हणालो की वसमतला जाऊन येतो. "कुणाकडे?" सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग काळा चष्मा शोधून आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. औंढ्याला बाहेरूनच नागनाथाला नमस्कार केला, थांबलो नाही. शिरड शहापूर गेले. पस्तीस मिनिटे झाली, चाळीस झाली. मी घड्याळाकडे बघत होतो आणि त्या माझ्याकडे.

ते आता निवृत्त होऊन वसमतलाच घर बांधून राहतात. मला बघून आत वाकून म्हणाले, "अहो, मॅनेजर साहेब आलेत." चहा झाला. मी दोन्ही पत्रांचे सांगितले, तारखांसकट. त्यांनी सगळे ऐकून घेतले. तूट किती भरली होती ते त्यांना पाठ होते, १७०० रुपये. हंगाम संपल्याचे त्यांच्या तेव्हाच लक्षात आले होते. पण साहेबांना कसे सांगायचे, म्हणाले.

मग त्यांनी विचारले, "दुसरं पत्र अकरा महिन्यांनी लिहिलंत. पण मी तर पुढं एकवीस वर्षं नोकरीत होतो. एकदा फोन करायचात."

मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या पत्नीने माझ्या पत्नीला डोळ्याचे विचारले, त्यांच्यात ते बोलणे चालू राहिले. निघताना ते फाटकापर्यंत आले, गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितले. "तीच का ही? तेव्हा शाखेसमोर उभी असायची ती?" मी हो म्हणालो. त्यांनी मागची काच खाली घेऊन डोकावले, आणि सीटवरचे फडके उचलून विचारले, हे कशाला.

"काचा पुसायला," सौभाग्यवती म्हणाल्या.